कादंबरीशी इमान म्हणजे कशाशी इमान?

गाजलेल्या कादंबरीवरील चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या वाचकाच्या तोंडी एक वाक्य ठरलेले असते : पुस्तकात असे नव्हते. त्या वाक्यात तक्रार असते, तशीच मालकीची भावनाही असते. ज्या पुस्तकाबरोबर माणूस अनेक रात्री जागला, त्यातील माणसे कशी दिसतात, कशी बोलतात हे त्याने मनाशी ठरवून टाकलेले असते. पडद्यावर दुसऱ्याच कोणाचा चेहरा आला की आपल्या घरात परका शिरला असे त्याला वाटते. ही भावना खोटी नाही. पण तिच्यातून जो निकष निघतो, म्हणजे कादंबरीतील किती प्रसंग आले आणि किती गळाले याची मोजदाद, तो निकष मात्र पूर्णपणे चुकीचा आहे.

याच्या उलट टोकाला दुसरी एक भूमिका हल्ली मोठ्या आढ्यतेने मांडली जाते. चित्रपट ही स्वतंत्र कला आहे, दिग्दर्शकाचे कादंबरीला काही देणे लागत नाही, असे ही भूमिका सांगते. व्यापारी चित्रपटसृष्टीला हा सिद्धांत फार सोयीचा आहे. तो पत्करला की शेतकऱ्याच्या कर्जाची कादंबरी विकत घ्यावी, कर्ज बाजूला सारावे आणि शेतकऱ्याच्या मुलीचे प्रेमप्रकरण तेवढे रंगवावे, यात गैर काहीच उरत नाही.

मग इमान कशाशी? काही चित्रपट मूळ कृतीत भरपूर उलथापालथ करूनही वाचकांच्या मनात कादंबरीच्या शेजारी जाऊन बसले आणि काही पानोपानी प्रामाणिक राहूनही विसरले गेले. असे का झाले, हे प्रत्यक्ष उदाहरणांतूनच तपासावे लागेल.

कामगार चळवळीतील वाचकाला सर्वांत जवळचे उदाहरण मॅक्झिम गॉर्कीच्या ‘आई’चे. १९०६ साली लिहिलेल्या या कादंबरीवर पुदोव्किनने १९२६ मध्ये मूकपट काढला. नातान झार्खीने लिहिलेल्या त्याच्या पटकथेत मूळ कथानकाची मोडतोड थोडीथोडकी नाही. कादंबरीत दारुडा बाप सुरुवातीलाच मरतो आणि त्यानंतर पावेलची जडणघडण सुरू होते. चित्रपटात बाप जिवंत आहे. दारूच्या लालसेने तो संपफोड्यांच्या टोळीत सामील होतो आणि ज्या चकमकीत मुलगा समोरच्या बाजूला उभा आहे, तिच्यात मारला जातो. कादंबरीतील आई मुलाला कधीही पोलिसांच्या हाती देत नाही. चित्रपटातील आई भोळेपणाने अधिकाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवते, जमिनीच्या फळीखाली लपवलेली हत्यारे स्वतःच्या हाताने काढून देते आणि मुलाला तुरुंगात धाडते. कादंबरीचा शेवट रेल्वे स्टेशनवर पत्रके वाटताना आई पकडली जाते तेथे होतो. चित्रपटात मायलेक दोघेही मरतात. पावेल गोळीने कोसळतो आणि झेंडा हाती धरून उभी राहिलेली आई घोडदळाच्या टापांखाली येते.

एवढे बदलूनही तो गॉर्कीचाच ‘आई’ का राहिला? गॉर्कीच्या पुस्तकात ती बाई बदलते ती ऐकत ऐकत. रात्रीमागून रात्री घरात माणसे जमतात, चर्चा होतात, कोपऱ्यात समोवारपाशी बसलेली निलोवना प्रथम घाबरते, मग कुतूहलाने ऐकू लागते, मग समजू लागते आणि शेवटी स्वतः बोलू लागते. शेकडो पानांचे हे संथ शिक्षण आहे. मूकपटाला आवाजच नव्हता. संभाषणातून घडणारे परिवर्तन त्याला दाखवता येणे शक्य नव्हते. म्हणून पुदोव्किन आणि झार्खी यांनी त्या शिक्षणाच्या जागी एक कृती ठेवली, एक भयंकर चूक. राज्ययंत्रणेवर विश्वास ठेवल्याची किंमत आईला एका क्षणात कळते. अज्ञानातून जाणिवेकडे जाणारी मूळ वाट तीच राहिली, फक्त तिचे पाऊल बदलले. वसंतात फुटणाऱ्या नदीच्या बर्फाची दृश्ये मोर्चाच्या दृश्यांत गुंफली आहेत, तीही या कादंबरीत नाहीत. पण गॉर्की वाचलेल्या माणसाला ती परकी वाटत नाहीत.

बंगालमध्ये सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’ (१९५५) करताना जे केले तेही याच जातीचे होते, फक्त फार हळुवार हाताने. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या १९२९ च्या कादंबरीत म्हातारी इंदिर ठाकरूण फार लवकर मरते. रायांनी तिला अपू मोठा होईपर्यंत जगवले. कादंबरीतील दुर्गा आणि अपू आगगाडी पाहण्यासाठी धावतात, पण त्यांना ती दिसत नाही आणि दुर्गा ती न पाहताच जाते. चित्रपटात काशफुलांच्या रानातून गाडी धडधडत जाते, त्याच फेरीवरून परतताना मुलांना बांबूच्या बनात बसलेली म्हातारी मेलेली आढळते. यंत्रयुग दुरून निघून गेले आणि घरातील म्हातारी टाकलेल्या अन्नाअभावी, टाकलेल्या मायेअभावी संपली, हे दोन्ही एकाच दुपारी. दुर्गेच्या चोरीचा पुरावा अपू पुस्तकात बांबूच्या झाडीत भिरकावतो, तर पडद्यावर तळ्यात फेकतो. शेवाळ क्षणभर बाजूला होते आणि पुन्हा मिळून येते. लेखकाला जे सांगण्यासाठी वाक्ये लागली असती ते पाण्याने केले. भुकेमुळे सर्वजया त्या म्हातारीशी निर्दय होते, ती मुळात निर्दय नाही, ही बिभूतिभूषणांची दृष्टी रायांनी कोठेही ढळू दिली नाही. ती ढळली असती तर सगळी काशफुले निव्वळ देखावा झाली असती.

मराठीतील अनुभव संमिश्र आहे. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या एकत्र करून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि जब्बार पटेल यांनी १९७९ मध्ये ‘सिंहासन’ काढला, तेव्हा दोन पुस्तकांची सांगड कृत्रिम वाटेल अशी भीती होती. तसे झाले नाही, कारण मंत्रालयातील सत्तेची सोंगटी आणि रस्त्यावरचे शहर हे दोन्ही पुस्तकांत एकमेकांना बांधलेलेच होते. निळू फुले यांचा पत्रकार दिगू टिपणीस हा त्या बांधणीचा दोर. सगळे जाणणारा आणि काहीच करू न शकणारा मध्यमवर्गीय शेवटी कोठे पोहोचतो, हे त्या हसण्याइतके अन्यत्र क्वचितच आले असेल. या उलट अण्णा भाऊ साठे यांच्या कितीतरी कादंबऱ्या पडद्यावर आल्या, ‘फकिरा’ही आली. पण पुस्तकातला फकिरा जसा गावोगावच्या वाचकांच्या घरात राहिला, तसा पडद्यावरचा राहिला नाही. उपाशी वस्तीसाठी धान्य लुटणाऱ्या माणसाची कादंबरी अजूनही तिच्या दिग्दर्शकाची वाट पाहते आहे.

‘चेम्मीन’चे उदाहरण थोडे अवघड आहे, म्हणूनच उपयुक्त. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची ही १९५६ ची कादंबरी केरळच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांची. रामू कारियात यांचा चित्रपट १९६५ चा. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा तो दक्षिणेतील पहिला चित्रपट. संगीत सलिल चौधरींचे, संकलन हृषिकेश मुखर्जींचे, गाण्यांत मन्ना डे यांचा आवाज. म्हणजे मल्याळी कादंबरीसाठी जणू सारा देश कामाला लागला होता, आणि हे श्रेय लहान नाही. कथेचे इंजिन मात्र प्रेमात नाही, होडीत आहे. चेंबनकुंजूला स्वतःची होडी आणि जाळे हवे आहे. त्यासाठी तो आपल्या मुलीवर जीव लावणाऱ्या तरुण व्यापारी परीक्कुट्टीकडून उधारी घेतो आणि ती बुडवतो. परीक्कुट्टी धुळीला मिळतो, चेंबनकुंजूची हाव वाढत जाते आणि करुत्तम्मा या सगळ्याची किंमत भरते. समुद्रावर गेलेल्या पुरुषाचे प्राण किनाऱ्यावरील बायकोच्या शुद्धतेवर अवलंबून असतात, ही तेथील लोकसमजूत कादंबरीत आहे. पण ती समजूत कोणाच्या गळ्यात पडते आणि कर्ज बुडवणारा कसा मोकळा फिरतो, हेही तेथे शेजारीच आहे. चित्रपटाचा पूर्वार्ध हे नाते ठसठशीत दाखवतो. होडी विकत घेण्याचा ध्यास, माशांची आवक झाल्यावर बदलणारी चेंबनकुंजूची चाल आणि बोली, ही त्याची खरी कमाई. उत्तरार्धात मात्र समुद्राचे रौद्र रूप आणि गाण्यांची जादू इतकी चढते की प्रेक्षक दंतकथेवर विश्वास ठेवूनच घरी जातो. शाप खरा ठरला असे त्याला वाटते. उधारी कोणी बुडवली होती हे तो विसरतो. चित्रपट संस्मरणीय आहेच, पण जेथे तो कारण सोडून परिणामाच्या सौंदर्याला भुलला, तेथे तो कादंबरीपेक्षा लहान झाला.

येथे मूळ मुद्दा हाताशी येतो. कादंबरीत घडणाऱ्या गोष्टींच्या मागे एक कारण काम करत असते, माणसामाणसांतील एक संबंध. दिग्दर्शकाने ते कारण ओळखले असेल तर त्याने प्रसंग मोडावेत, जोडावेत, पात्रे जगवावीत, मारावीत. ओळखले नसेल तर प्रत्येक संवाद जसाच्या तसा ठेवूनही हाती टरफल उरते. आणि या कसोटीवर भारतीय पडद्याने दिलेले सर्वांत धाडसी उत्तर म्हणजे गोविंद निहलानी यांची दूरदर्शनवरील ‘तमस’.

भीष्म साहनी यांची ‘तमस’ ही कादंबरी १९७४ सालची. १९७५ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. तिचा विषय १९४७ च्या मार्चमधील रावळपिंडी परिसरातील दंगल. पण तिची सुरुवात महाराष्ट्रात झाली, ही गोष्ट मराठी वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. मे १९७० मध्ये भिवंडीत दंगल झाली. त्यानंतर थोरले बंधू बलराज साहनी यांच्याबरोबर भीष्मजी तेथे गेले. विणकरांच्या त्या गावातील जळालेली घरे, मुकाट पडलेले माग आणि ओस गल्ल्या पाहताना तेवीस वर्षांपूर्वीची रावळपिंडी त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. रावळपिंडी हे त्यांचे जन्मगाव. दिल्लीला परतल्यावर ते लिहावयास बसले. फाळणी हा इतिहासजमा विषय नाही, तो भिवंडीच्या मागांवर पुन्हा विणला जात आहे, या जाणिवेतून आलेली ही कादंबरी आहे.

तिचे कारण पहिल्याच प्रकरणात सांगून झाले आहे. नत्थू नावाचा एक गरीब चर्मकार रात्रभर एका कोंदट खोपटात डुकराशी झुंजतो आहे. मुराद अली नावाच्या म्युनिसिपालिटीच्या वजनदार माणसाने त्याच्या हातावर पाच रुपयांची नोट ठेवली आहे. पशुवैद्यक साहेबाला डुक्कर हवे आहे, एवढेच त्याला सांगितले आहे. सकाळी तेच डुक्कर मशिदीच्या पायऱ्यांवर सापडते. पुढचे सारे शहर, सारी खेडी, सारी प्रेते या पाच रुपयांतून निघतात. ज्याच्या हातून घडले त्याला आपण काय केले हे माहीत नाही. ज्याने घडवले त्याचा हात दिसत नाही. आणि ज्याला थांबवता आले असते तो डेप्युटी कमिशनर रिचर्ड सत्ता आता नेहरूंच्या सरकारकडे आहे असे सांगून हात झटकतो. पुरेशी माणसे मेल्यावर एक विमान खेड्यांवरून घिरट्या घालते आणि दंगल जादूने थांबावी तशी थांबते. एवढ्या थोड्या साधनांत साम्राज्यशाहीची नीती क्वचितच कोणी उघडी केली असेल.

निहलानींनी या कादंबरीत सर्वांत मोठा बदल केला तो नत्थूच्या बाबतीत. पुस्तकात नत्थू अर्ध्या वाटेवर मागे पडतो. कादंबरी शहरातून खेड्यांत जाते, नवी माणसे येतात आणि नत्थू मेला असल्याचे अखेरीस ओझरते कळते. साहनींना एका माणसाची कहाणी सांगायची नव्हती, एका शहराची सांगायची होती. मालिकेतील नत्थू मात्र सुटत नाही. ओम पुरी यांचा नत्थू आणि दीपा साही यांची त्याची गरोदर बायको कर्मो, ही दोघे घर सोडतात, रस्त्याला लागतात. कादंबरीत ज्या माणसांशी त्यांची कधी गाठ पडलीच नव्हती, त्या हरनामसिंग आणि बंतो या म्हाताऱ्या शीख जोडप्याबरोबर ती चालू लागतात. साहनींच्या अन्य दोन कथांतील अंशही मालिकेत मिसळले आहेत.

हा बदल निव्वळ सोयीचा म्हणता येईल. सुमारे पाच तासांच्या मालिकेला धरून ठेवणारा एक चेहरा हवाच होता. पण सोयीपलीकडेही त्यात काही आहे. छापील पानावर वाचक स्वतः मागे जाऊ शकतो, पहिले प्रकरण पुन्हा उघडू शकतो. पडद्यावर गेलेले दृश्य गेले. दहाव्या प्रसंगापर्यंत प्रेक्षक डुक्कर विसरतो आणि त्याच्यापुढे फक्त हिंदू, शीख आणि मुसलमान उरतात. म्हणजे दंगल घडवणाऱ्यांना जे हवे असते तेच घडते. नत्थूला शेवटपर्यंत डोळ्यांपुढे ठेवल्यामुळे प्रत्येक आगीकडे, प्रत्येक प्रेताकडे प्रेक्षक पाच रुपयांच्या नोटेतून पाहतो. धर्माच्या नावाने पेटलेल्या आगीत ज्याला कोणत्याच धर्माने उंबरठ्याच्या आत घेतलेले नाही, असा माणूस सर्वांत जास्त अपराधी वाटून घेतो आणि खरा अपराधी ताठ मानेने फिरतो. ओम पुरींच्या चेहऱ्यावर ही अपराधाची सावली सतत सरकत राहते. कादंबरीतील कारण पडद्यावर टिकवण्यासाठी कादंबरीचे कथानक वाकवावे लागले, ते असे.

काही ठिकाणी मात्र काहीच वाकवण्याची गरज नव्हती. हरनामसिंग आणि बंतो ज्या मुसलमान घरात आश्रय घेतात, तेथील राजो ही मालकीण. तिचा नवरा आणि मुलगा लुटीवर गेले आहेत. ते परततात तेव्हा त्यांच्या डोक्यावर हरनामसिंगाचीच पेटी असते. कादंबरीत म्हातारा कुलूप तोडू नका म्हणून सांगतो आणि आपल्या हाताने किल्ली पुढे करतो. लुटणारा आणि लुटला गेलेला यांच्यामध्ये जुनी ओळख आहे, देवघेव आहे, लाज आहे. एका पेटीच्या किल्लीत सारा गाव मावला आहे. मालिकेत राजोची भूमिका सुरेखा सिक्री यांनी केली आणि हरनामसिंग झाले स्वतः भीष्म साहनी. बंतो झालेल्या दीना पाठक. आपल्या गावातून उखडला गेलेला लेखक आपल्याच कादंबरीतला उखडलेला म्हातारा होऊन कॅमेऱ्यापुढे चालतो, याला अभिनय म्हणावे की साक्ष, हे ठरवणे कठीण आहे.

ही मालिका जानेवारी १९८८ मध्ये सुरू झाली तेव्हा देश कोठे उभा होता हेही विसरता येत नाही. १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली होती, त्याच वर्षी दिल्लीत शिखांची कत्तल झाली होती. १९८६ मध्ये अयोध्येतील कुलूप उघडले होते, १९८७ मध्ये मीरत आणि हाशिमपुरा झाले होते. जमातवादी शक्तींना ‘तमस’ झोंबली यात नवल नाही. निदर्शने झाली, धमक्या आल्या, निहलानींना पोलीस संरक्षणात राहावे लागले. मुंबई उच्च न्यायालयात प्रक्षेपण थांबवण्यासाठी अर्ज झाला आणि प्रथम स्थगितीही मिळाली. मग न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहिली आणि स्थगिती उठवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी १९८८ मध्ये न्यायमूर्ती सब्यसाची मुखर्जी आणि न्यायमूर्ती रंगनाथन यांनी विरोधकांचा अर्ज फेटाळला. त्यासाठी त्यांनी आधार घेतला तो नागपूर उच्च न्यायालयातील न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांच्या स्वातंत्र्याच्या सुमारास दिलेल्या निकालाचा. शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर आणि धैर्यवान माणसावर काय होईल यावरून ठरवावा, प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या डळमळीत मनावरून ठरवू नये, असा त्याचा आशय. दंगल दाखवल्याने दंगल होते, हा अर्जदारांचा युक्तिवाद होता. दंगलीचे कारण दाखवले आहे, हे न्यायाधीशांना मालिका पाहिल्यावर दिसले. प्रसंगांची यादी वाचून ते दिसले नसते. कारण प्रसंगांच्या यादीत आग आणि प्रेते तेवढी असतात.

‘तमस’मध्ये सारेच साधले असे नाही. साहनींची शैली कोरडी आहे. ती रडत नाही, त्यामुळे वाचकाला रडण्याची मुभा मिळत नाही. वनराज भाटिया यांचे संगीत आणि काही लांबलेली शोकदृश्ये हा कोरडेपणा मधूनच भिजवून टाकतात. दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांच्या घरी वणवण करीत शांततेसाठी त्यांना एकत्र बसवू पाहणारा कम्युनिस्ट कार्यकर्ता देवदत्त कादंबरीत जितका जिवंत आहे, त्याची एकाकी आणि थोडीशी हास्यास्पदही वाटणारी धडपड जितकी तपशीलवार आहे, तितकी ती मालिकेत उरलेली नाही. डाव्या वाचकाला ही उणीव बोचते आणि ती बोचणे रास्त आहे. साहनींनी त्याला वीर केले नव्हते, फक्त त्या दिवसांत धावाधाव करणारा एक माणूस म्हणून नोंदवले होते.

आणि शेवट. कादंबरीच्या अखेरच्या भागात मदत समितीचा आकडेबाबू निर्वासितांसमोर वही उघडून बसला आहे. लोक त्याला आपापली कहाणी सांगू पाहतात, त्याला मात्र हवे आहेत आकडे : किती मेले, किती जखमी, किती नुकसान. बाहेर शांततेची मोटार निघते आणि तिच्यात घोषणा देत बसला आहे मुराद अली. नत्थू जिवंत असता तर त्याने ओळखले असते, पण नत्थू नाही. साहनी येथे थांबतात. निहलानी मात्र निर्वासितांच्या छावणीत कर्मोपाशी जातात. तिला नत्थूचे प्रेत सापडते, तिच्या कळा सुरू होतात. मूल जन्मते तेव्हा बाहेरून दोन्ही बाजूंच्या घोषणा ऐकू येत असतात आणि त्यांत त्याचे रडणे मिसळते. जन्माचे हे दृश्य चित्रपटांत इतके वापरले गेले आहे की ते आशेचे स्वस्त चिन्ह झाले असते. घोषणांनी त्याला तसे होऊ दिले नाही. मुराद अलीच्या मोटारीतील थंड उपरोध अधिक खोल जातो, असे कादंबरीचा वाचक म्हणेल. पण आकडेबाबूच्या वहीत ज्याची नोंद होणार नव्हती, तो माणूस त्या शेवटी पडद्यावर आहे. त्याच्या बायकोच्या कुशीत आहे. आणि बाहेरचे आवाज थांबलेले नाहीत.